कॅथलिक विवाह अवैध ठरवून घेण्यासाठीचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि कार्यपद्धती

दिवाणी न्यायालयातून घटस्फोट मिळालेल्या व्यक्तीला चर्चमध्ये दुसरा विवाह करायचा असेल, तर केवळ घटस्फोटाचा हुकूमनामा पुरत नाही. बाप्तिस्मा झालेल्या स्त्री-पुरुषांचा, विधिवत लागलेला आणि शरीरसंबंधाने पूर्णत्वास गेलेला विवाह मृत्यूखेरीज अन्य कोणत्याही कारणाने आणि कोणत्याही मानवी सत्तेने मोडता येत नाही, असे १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील नियम ११४१ स्पष्टपणे सांगतो. त्यामुळे ख्रिस्तसभेचे, म्हणजे कॅथलिक चर्चचे, न्यायासन विवाह मोडत नाही. विवाहाच्या दिवशी दोघांनी संमती दिली, त्या क्षणी तो विवाह खरोखर वैधपणे जुळला होता का, एवढेच ते तपासते. सारी प्रक्रिया या एका प्रश्नाभोवती उभी आहे आणि अर्जदारांची दमछाक होते ती बहुतेक वेळा हा प्रश्न आधी नीट समजावून न दिल्यामुळे. संसार कसा मोडला याची पानेच्या पाने लिहिलेली असतात, पण लग्न ठरताना आणि लागताना काय घडले याबद्दल दोन ओळीही नसतात.

अर्जाकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण त्यापायी अनेक जण विनाकारण चर्चपासून दूर राहतात. दिवाणी घटस्फोट घेतला म्हणून कोणी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होत नाही. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित व्यक्ती पवित्र मिस्सेत (चर्चमधील मुख्य उपासनेत) सहभागी होऊ शकते आणि इतरांप्रमाणेच योग्य तयारीने कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेऊ शकते. कायदेशीर हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारसा यांचे रक्षण दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नसेल, तर दिवाणी घटस्फोट हे नैतिक पाप ठरत नाही, असे कॅथलिक धर्मशिकवणीत म्हटले आहे. जोडीदाराच्या वागण्यामुळे स्वतःच्या किंवा मुलांच्या जिवाला अथवा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्याचा अधिकार नियम ११५३ देतो. विलंबातच धोका असेल तर आधी कोणाची परवानगीही घ्यावी लागत नाही. मार सोसत घरात राहणे हे धर्माचे बंधन आहे असे कोणी सांगत असेल, तर ते चूक आहे.

अर्ज कोण करू शकतो

पती किंवा पत्नी, दोघांपैकी कोणीही अर्ज करू शकते. दोघांनी मिळून केला तरी चालतो. अर्जदार कॅथलिकच असला पाहिजे असे नाही. बाप्तिस्मा न झालेल्या किंवा अन्य पंथाच्या व्यक्तीचा आधी विवाह झालेला असेल आणि आता तिला कॅथलिक व्यक्तीशी विवाह करायचा असेल, तर तिच्या आधीच्या विवाहाचाही विचार करावा लागतो, कारण ख्रिस्तसभा इतरांचे विवाहही मुळात वैधच धरून चालते. नियम १०६० नुसार कायद्याचे झुकते माप विवाहाच्या बाजूला असते. म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत विवाह वैध मानला जातो आणि ते सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. अर्ज दाखल करून घेण्यापूर्वी सहजीवन पुन्हा सुरू होण्याची शक्यता उरलेली नाही, याची न्यायाधीशाने खात्री करून घ्यायची असते. याच कारणाने अनेक न्यायासने दिवाणी घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा आधी मागतात.

कोणत्या कारणांवरून विवाह अवैध ठरतो

कारणे तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार अडथळ्यांचा : आधीचे विवाहबंधन कायम असणे, निषिद्ध जवळचे रक्ताचे नाते, धर्मगुरुपदाची दीक्षा, बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चची सूट (विशेष परवानगी) न घेता केलेला विवाह इत्यादी. दुसरा प्रकार विधीतील दोषाचा, ज्यात अधिकार असलेला धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर विवाह लागलेला नसतो. हे दोन्ही प्रकार बहुधा कागदांवरूनच निकाली निघतात.

प्रत्यक्षात बहुसंख्य अर्ज तिसऱ्या प्रकारात, म्हणजे संमतीच्या दोषात मोडतात, आणि इथेच बारकाईने विचार करावा लागतो. संमतीच विवाह घडवते आणि कोणतीही मानवी सत्ता तिची उणीव भरून काढू शकत नाही, हे नियम १०५७ चे तत्त्व आहे. नियम १०९५ मध्ये पुरेशी विवेकबुद्धी नसणे, विवाहाच्या हक्क-कर्तव्यांबाबत निर्णयक्षमतेचा गंभीर अभाव असणे आणि मानसिक कारणांमुळे विवाहाच्या मूलभूत जबाबदाऱ्या पेलता न येणे या तीन गोष्टी येतात. नियम १०९८ फसवणुकीबद्दल आहे : संमती मिळवण्यासाठी जाणूनबुजून अशी गोष्ट लपवलेली असावी, जी स्वभावतःच सहजीवनाला गंभीर बाधा आणू शकते. नियम ११०१ नुसार, तोंडाने ‘हो’ म्हणताना मनात मात्र मुले, निष्ठा किंवा आयुष्यभराचे बंधन यांना ठाम नकार दिलेला असेल, तर ती संमती पोकळ ठरते. नियम ११०३ बळजबरी आणि गंभीर भीतीचा आहे.

यातला फरक नेमका कुठे असतो, ते एका उदाहरणावरून पाहू. ‘तो माझ्याशी कधीच नीट वागला नाही’ हे वाक्य खरे असले तरी न्यायासनाला त्यातून काहीच ठरवता येत नाही. याउलट, ‘लग्नाच्या तीन आठवडे आधी मी आईला सांगितले की मला हे लग्न करायचे नाही; तेव्हा वडिलांनी, आता माघार घेतलीस तर या घरात पाय ठेवू नकोस, असे बजावले; त्या वेळी मावशी तिथे हजर होती आणि ती साक्ष द्यायला तयार आहे’ या वाक्यात काळ आहे, घटना आहे, भीतीचे कारण आहे आणि साक्षीदारही आहे. अर्ज असा लिहावा. लग्नानंतरच्या घटनाही सांगाव्यात, परंतु आधीपासून असलेली स्थिती त्यांतून उघड होते म्हणून. विवाहानंतर जडलेले व्यसन किंवा नंतर सुरू झालेले अनैतिक संबंध एवढ्यावरून संमतीच्या दिवशी दोष होता असे सिद्ध होत नाही.

कागदपत्रे

चर्चच्या विवाह नोंदवहीतील उताऱ्याची अधिकृत प्रत अनिवार्य आहे. त्याबरोबर कॅथलिक पक्षाचा बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, आणि तो जुना चालत नाही. मूळ नोंदवहीच्या समासातील शेरे उतरवलेला, अलीकडेच काढलेला असावा लागतो, कारण विवाह, दीक्षा आणि पूर्वीचे निकाल यांची नोंद त्या समासातच होते. दिवाणी विवाहाचा दाखला आणि घटस्फोटाचा हुकूमनामा जोडावा. त्यानंतर येतो पुरावा : त्या काळातली पत्रे, संदेश, वैद्यकीय कागद, समुपदेशकाचे अहवाल, पोलीस तक्रारीची प्रत, जे काही असेल ते. काहीच नसेल तर निराश होऊन अर्ज सोडून देऊ नये. पक्षकारांचे स्वतःचे कथन, त्यांच्या सचोटीबद्दल सांगणाऱ्या साक्षीदारांचा आधार मिळाला आणि त्याला खोडणारे काही समोर आले नाही, तर पूर्ण पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते, अशी तरतूद नियम १६७८ मध्ये आहे.

साक्षीदार निवडताना आपल्याला सहानुभूती दाखवणाऱ्यांपेक्षा लग्नाच्या आधीपासून दोघांना ओळखणाऱ्यांची नावे द्यावीत, आणि नावे देण्यापूर्वी त्यांना विचारावे.

अर्ज स्वतः साधा असतो. कोणत्या न्यायासनाकडे अर्ज आहे, काय मागणी आहे, कोणाविरुद्ध आहे, कोणत्या कारणावर आणि कोणत्या तथ्यांवर ती आधारलेली आहे, एवढे त्यात असावे. शेवटी तारीख, सही, अर्जदाराचा पत्ता आणि प्रतिवादीचा निवासाचा पत्ता असावा. नियमाचा क्रमांक अर्जदाराला ठाऊक असण्याची गरज नाही. पॅरिशचे (स्थानिक चर्चचे) धर्मगुरू किंवा न्यायासनाने मान्य केलेले अधिवक्ते मसुदा करायला मदत करतात, आणि ती मदत जरूर घ्यावी.

कुठे दाखल करायचा

ज्या धर्मप्रांतात (बिशपांच्या अधिकारक्षेत्रात) विवाह लागला, जिथे दोघांपैकी कोणाचेही कायमचे किंवा तात्पुरते वास्तव्य आहे, अथवा जिथे बहुतांश पुरावा गोळा करावा लागणार आहे, यांपैकी कोणत्याही धर्मप्रांताच्या न्यायासनाकडे अर्ज करता येतो. दूर निघून गेलेल्या जोडीदाराच्या गावी जावे लागेल या भीतीने थांबण्याचे कारण उरलेले नाही.

पुढे काय होते

न्यायासनाचा प्रमुख, म्हणजे न्यायिक व्हिकर (बिशपांच्या वतीने न्यायदान करणारा धर्मगुरू), अर्ज प्राथमिक दृष्ट्या तथ्याधारित वाटल्यास दाखल करून घेतो आणि त्याची प्रत प्रतिवादीला पाठवतो. उत्तरासाठी १५ दिवस दिले जातात. प्रतिवादीची संमती लागत नाही. त्याने उत्तर दिले नाही तर रीतसर सूचना देऊन त्याला गैरहजर घोषित करून प्रकरण पुढे चालवता येते. मात्र त्याला कळवलेच नाही, पत्ता मुद्दाम चुकीचा दिला, तर निकालच धोक्यात येतो, कारण समोरच्याला स्वतःचा बचाव करण्याचा हक्क नाकारला गेला असे ठरते. प्रतिवादीविषयी कितीही कटुता असली तरी पत्ता खरा द्यावा.

प्रत्येक प्रकरणात विवाहबंधनाचा रक्षक हा अधिकारी असतोच. हे पद पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४१ मध्ये निर्माण केले. विवाह वैध आहे हे दाखवणारे जे जे वाजवी मुद्दे असतील ते मांडणे हे त्याचे काम असते. तो अर्जदाराचा वैरी नसतो; त्याच्या प्रश्नांमुळे निकालाला वजन येते. यानंतर नेमका कोणता मुद्दा तपासायचा, हे न्यायिक व्हिकर लेखी ठरवतो. मग पक्षकार आणि साक्षीदारांचे जबाब वेगवेगळे घेतले जातात. पती-पत्नींना समोरासमोर उभे केले जाईल, ही भीती बहुतेकदा निराधार ठरते. मानसिक कारणाचा मुद्दा असेल तर तज्ज्ञाचा अहवाल मागवला जातो. शेवटी दोन्ही पक्षांना कागदपत्रे पाहण्याची संधी मिळते, युक्तिवाद होतात आणि तीन न्यायाधीशांचे मंडळ, किंवा तसे मंडळ शक्य नसेल तिथे एकटा धर्मगुरू न्यायाधीश, निकाल देतो. ‘नैतिक निश्चिती’ झाली तरच विवाह अवैध ठरवता येतो. शंका राहिली तर विवाह वैध राहतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये केलेले बदल त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून लागू झाले. पूर्वी अवैधतेचे दोन एकसारखे निकाल आवश्यक असत. आता एक पुरतो आणि अपिलाची मुदत संपली की तो अंमलात येतो. अपील करायचे असल्यास निकाल कळल्यापासून १५ दिवसांत करावे लागते. संहितेनुसार पहिल्या पातळीवरील प्रकरण एका वर्षात आणि अपील सहा महिन्यांत आटोपणे अपेक्षित आहे, तरी साक्षीदार वेळेवर न आल्यास जास्त काळ जातो. शक्य तितकी प्रक्रिया विनाशुल्क असावी, असा या सुधारणांचा आग्रह आहे. जिथे शुल्क आहे तिथेही ते परवडत नसेल तर सूट मागण्यात संकोच करू नये.

याच सुधारणांनी बिशपांसमोरची संक्षिप्त प्रक्रिया आणली. त्यासाठी दोघांची अर्जाला संमती हवी आणि अवैधता जवळपास उघड करणारी, लगेच सिद्ध होणारी परिस्थिती हवी. उदाहरणार्थ, अत्यल्प काळ टिकलेले सहजीवन, लग्नाच्या वेळीही हट्टाने चालू ठेवलेले विवाहबाह्य संबंध, वंध्यत्व किंवा आधीची मुले कपटाने लपवणे, संमतीसाठी केलेली मारहाण. यातली एखादी गोष्ट घडली म्हणजे विवाह आपोआप अवैध होतो असे नाही; त्यांच्यामुळे संमतीचा दोष लवकर उघडकीस येऊ शकतो, इतकेच. बिशपांची खात्री पटली नाही तर प्रकरण नेहमीच्या प्रक्रियेकडे पाठवले जाते.

खटल्याची गरज नसलेली प्रकरणे

कॅथलिक व्यक्तीने चर्चची सूट न घेता फक्त नोंदणी पद्धतीने लग्न केले असेल आणि ते नंतर चर्चमध्ये विधिवत केले नसेल, तर केवळ कागद तपासून ती नव्या विवाहासाठी मुक्त असल्याचे ठरवता येते. विवाह वैध असूनही शरीरसंबंध झालेला नसेल तर तो पोप योग्य कारणासाठी विसर्जित करू शकतात. विवाहाच्या वेळी दोघांचाही बाप्तिस्मा झालेला नसेल आणि नंतर एकाने तो घेतल्यावर दुसरा सोडून गेला असेल, तर संत पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रावर आधारलेली स्वतंत्र तरतूद आहे. पौर्वात्य कॅथलिक ख्रिस्तसभांना (उदा. केरळमधील सिरो-मलबार) १९९० ची स्वतंत्र संहिता लागू होते. त्या परंपरेतील व्यक्तींनी आरंभीच तसे सांगावे, कारण त्यांच्या विवाहविधीला धर्मगुरूचा आशीर्वाद आवश्यक असतो.

निकालानंतर

मुलांविषयीची काळजी जवळपास प्रत्येक अर्जदाराच्या मनात असते. विवाह अवैध ठरला म्हणून मुले अनौरस ठरत नाहीत. दोघांपैकी एकाने जरी तो विवाह प्रामाणिकपणे वैध समजून केला असेल, तर नियम ११३७ मुलांना औरसच मानतो. एकमेकांविषयीच्या आणि मुलांच्या पालनपोषणाविषयीच्या नैतिक व दिवाणी जबाबदाऱ्याही संपत नाहीत, आणि निकाल देताना न्यायासनाने त्यांची जाणीव करून द्यायची असते. बहुतेक देशांत या निकालाचा दिवाणी कायद्यावर काहीही परिणाम होत नाही. पोटगी आणि मालमत्तेचे हुकूम जसेच्या तसे राहतात.

निकाल नकारात्मक आला तर अपील करता येते, किंवा नवे आणि भक्कम पुरावे हाती आल्यास वरिष्ठ न्यायासनाकडे पुन्हा दाद मागता येते. निकाल होकारार्थी असला तरी काही वेळा त्याला अट जोडलेली असते, जसे की एका पक्षाने समुपदेशन घेतल्याशिवाय किंवा बिशपांच्या परवानगीविना नवा विवाह करू नये. अशी अट असताना पॅरिशमध्ये विवाहाची तारीख घेता येत नाही. खरे तर प्रकरण चालू असतानाही तारीख ठरवू नये : आधीचा विवाह कितीही उघडपणे अवैध वाटत असला, तरी ते रीतसर सिद्ध होईपर्यंत दुसरा विवाह करण्यास नियम १०८५ मनाई करतो. निकाल अंमलात आल्यावर त्याची नोंद विवाह आणि बाप्तिस्मा अशा दोन्ही नोंदवह्यांत केली जाते. नव्या विवाहासाठी पॅरिशमध्ये जाण्यापूर्वी बाप्तिस्म्याचा नवा दाखला काढून ती नोंद त्यात उतरली आहे ना, हे स्वतः वाचून खात्री करून घ्यावी. उतरली नसेल तर न्यायासनाच्या कार्यालयाला लेखी कळवावे.