मरणोत्तर अवटू-कार्यमापन

मृत्यूच्या वेळी अवटू ग्रंथीचे (थायरॉईडचे) कार्य कसे होते, हे शवातील रक्त, डोळ्यातील काचाभ द्रव आणि ग्रंथीचे ऊतक यांवरून अजमावण्याची न्यायवैद्यकातील पद्धती. अचानक मृत्यू होऊन हृदयात पुरेसे कारण सापडत नाही, किंवा शवाभोवती थायरॉक्सिनच्या गोळ्या आढळतात, अशा प्रकरणांत तिची गरज पडते.

मुख्य अडचण थायरॉक्सिनची (टी-४), म्हणजे या ग्रंथीच्या मुख्य हॉर्मोनाची. अमेरिकेतील न्यायवैद्यक जॉन को यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांत मृत्यूनंतर रक्तातील टी-४ उतरत जाते, तर मेंदूखालील पोष ग्रंथीतून येणारे, अवटूला चालना देणारे टीएसएच बरेच स्थिर राहते, असे दिसले. या उताराच्या कारणाविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे मृत्यूनंतर हॉर्मोन वाहक प्रथिनांपासून सुटून ऊतकांत झिरपते. दुसऱ्या मताप्रमाणे टी-४ मृत्यूपूर्वीच घटलेले असते, कारण कोणत्याही गंभीर आजारात अवटू निरोगी असूनही प्रथम टी-३ (अवटूचे दुसरे हॉर्मोन) व पुढे टी-४ कमी होते. दोन्ही क्रिया एकाच शवात घडू शकतात, आणि निव्वळ आकड्यावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून कमी टी-४ वरून अवटू-न्यूनता ठरविणे धोक्याचे मानावे. टी-३ तर वर-खाली कसेही सापडते.

स्पष्टपणे वाढलेले टीएसएच अवटू-न्यूनतेची खूण म्हणून अधिक विश्वासार्ह ठरते. मात्र गंभीर आजारातून सावरताना तेही तात्पुरते चढते. ही वाढ बहुधा लिटरमागे २० मिलि-एककांच्या आत राहते. उलट अतिदक्षता विभागात डोपामीन किंवा स्टेरॉइडे दिलेली असल्यास टीएसएच दबलेले मिळते आणि अवटू-अतिक्रियेचा आभास होतो. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनेही काही प्रतिरक्षा-चाचण्यांत (प्रतिपिंडे वापरून केलेल्या मापनांत) टीएसएच खोटे कमी व टी-४ खोटे जास्त येते. त्यामुळे रुग्णालयाची औषधनोंद हाती आल्याशिवाय अहवाल लिहू नये.

रक्त मांडीतील नीलेतून, शव उघडण्यापूर्वी, नीला वरच्या बाजूला चिमट्याने बंद करून घेतात. हृदयातील रक्तात यकृत आणि अवटू यांतून आलेले पदार्थ मिसळण्याची शक्यता असते. साध्या नळीत घेऊन रक्तद्रव लगेच वेगळा करावा आणि -२०° सें. वर गोठवावा. काचाभ द्रव डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सुई घालून सावकाश ओढतात. प्रत्येक डोळ्यातून सुमारे २ मिलि. मिळतो. जोराने ओढल्यास दृष्टिपटलाचे कण येऊन नमुना गढूळ होतो. काचाभ द्रवात टी-४ व टी-३ ची पातळी रक्तापेक्षा कमी असते. टीएसएचचा मोठा रेणू तिथे सहज पोचत नाही. प्रयोगशाळेच्या छापील रक्त-मर्यादा काचाभ द्रवाला लावणे ही ठळक चूक होय. विषचिकित्सेसाठी संपृक्त मिठाच्या द्रावणात ठेवलेला व्हिसेरा (आतील अवयवांचे नमुने) हॉर्मोन मापनाला निरुपयोगी असतो, ही गोष्ट नमुने सीलबंद करण्यापूर्वीच लक्षात घ्यावी.

मान सर्वांत शेवटी, कवटी व छाती उघडून रक्त वाहून गेल्यावर विच्छेदावी; नाहीतर शवविच्छेदनातच झालेला रक्तस्राव गळा दाबल्याची खूण वाटू शकतो. गळा दाबल्यास थायरोग्लोब्युलिन (ग्रंथीत हॉर्मोन साठवणारे प्रथिन) रक्तात सांडते व टी-४, टी-३ चे आकडेही बिघडू शकतात, म्हणून गळफास प्रकरणांत हे मापन जपून वाचावे. ग्रंथीचे वजन करून (प्रौढात साधारण १५ ते २५ ग्रॅम) दोन्ही खंडांतून तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ग्रेव्हज रोगात (अवटू-अतिक्रियेचा एक रोग) पुटिकांचे, म्हणजे ग्रंथीतील सूक्ष्म पिशव्यांचे, अस्तर उंच होऊन आत घड्या पडतात व त्यांतील कलिलाच्या (चिकट द्रवाच्या) कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. हाशिमोटो रोगात (शरीराची प्रतिकारयंत्रणा अवटूवरच हल्ला करते असा रोग) लसीकापेशींचे थर आणि जननकेंद्रे (त्या पेशी वाढण्याच्या जागा) आढळतात. अस्तराच्या पेशी सुटून कलिलात पडलेल्या असणे हा बहुधा निव्वळ कुजण्याचा परिणाम असतो. त्याला रोग समजू नये. स्वतःहून थायरॉक्सिन जास्त घेतलेल्या व्यक्तीत टी-४ जास्त, पण ग्रंथी शांत व थायरोग्लोब्युलिन कमी, हा मेळ बोलका असतो. अवटूविरोधी प्रतिपिंडे हॉर्मोनांपेक्षा टिकाऊ असल्याने तीही तपासावीत.

नवजात अर्भकात जन्मानंतर अर्ध्या तासाच्या सुमारास टीएसएच झपाट्याने चढते व पुढील काही दिवसांत उतरते. अशा शवाला प्रौढांच्या मर्यादा लागू होत नाहीत.