पार्श्वभूमी: गिनिपिगची धाप आणि दम्याचं औषध

हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत शरीरात सुटणारं रसायन, टोचलं की गिनिपिगच्या श्वासनलिका आवळतात, हे 1910च्या सुमारास कळलं. 1937मध्ये पहिलं हिस्टामिनविरोधी द्रव्यही याच प्राण्यावर हाती लागलं.

पुण्यातल्या फार्मसी कॉलेजांत आमच्या पिढीनं हे सगळं काजळीच्या ड्रमवर, म्हणजे लेखणीनं आलेख उमटणाऱ्या फिरत्या नळकांड्यावर, पाहिलं. श्वासनलिकेच्या कड्या दोऱ्यानं साखळीसारख्या बांधून 37 अंशांच्या क्रेब्स द्रावणात, म्हणजे ऊती जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात, टांगायच्या. हिस्टामिन पडलं की कड्या आवळून लेखणी वर, नळ्या सैल करणारं सालब्युटामॉल पडलं की खाली. काजळीला बोट लागलं तर प्रॅक्टिकल पुन्हा.

खरा घोळ ‘पीसीडी’ या तीन अक्षरांत आहे. प्री-कन्व्हल्सिव्ह डिस्प्निया, म्हणजे झटके येण्याआधीची धाप. काचेच्या पेटीत गिनिपिग ठेवून हिस्टामिनचा फवारा सोडायचा, धाप लागेपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि लगेच त्याला मोकळ्या हवेत काढायचं. पुढे औषध देऊन पुन्हा तेच. पहिली वेळ भागिले दुसरी, ते 1मधून वजा, गुणिले 100: झालं ‘टक्के संरक्षण’. 60 सेकंदांचे 120 झाले तर 50 टक्के, 240 झाले तर 75. नळी किती आवळली हे यात कुठेच मोजलेलं नाही, आणि धाप कधी सुरू झाली ते स्टॉपवॉच धरणाऱ्याच्या नजरेवर. तरी वनौषधींवरच्या कितीतरी प्रबंधांत याच आकड्यावर ‘दमाविरोधी’ असा शिक्का बसला. तुलनेला बहुधा क्लोरफेनिरामिन, म्हणजे सर्दीची गोळी. हिस्टामिनच्या परीक्षेत ती पहिली येणारच! पण दम्याच्या रुग्णाला कुणी तिच्या भरवशावर ठेवत नाही. माणसात ल्युकोट्राइन्स आणि ॲसिटिलकोलीन ही शरीरातली दुसरी रसायनंही नळ्या आवळतात. उलट आजचा उपचार ज्यावर उभा आहे, त्या पंपातल्या स्टिरॉइडचा एखादा डोस इथे नापास होईल, कारण पेटीतल्या गिनिपिगच्या नळ्यांना मुळात सूजच नसते.

प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या भारतातल्या 1998च्या नियमांनंतर अशा प्रयोगांना नैतिक समितीची परवानगी आली. तोवर जगात उंदीर पुढे आला होता: अंड्यातल्या ओव्हाल्ब्युमिन या प्रथिनाची ॲलर्जी घडवायची, मग सूज आणि आकुंचन दोन्ही बघायचं. त्यातून इंटरल्युकिन-5, म्हणजे इओसिनोफिल या ॲलर्जीतल्या पांढऱ्या पेशी वाढवणारं प्रथिन, अडवणारी औषधं आली. 2000च्या मानवी चाचणीत इओसिनोफिल पेशी घटल्या, नळ्यांचा चिडखोरपणा, म्हणजे चटकन आवळण्याची खोड, मात्र तसाच राहिला. 2015मध्ये अशा पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही तीव्र दमा आणि इओसिनोफिल वाढलेल्या रुग्णांपुरती.