वाकून वाचणारा माणूस

बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी 1916 साली एक साधाच प्रयोग प्रसिद्ध केला. चांगली नजर असलेल्या, धडधाकट माणसाला त्यांनी काही सोपे प्रश्न दिले. उत्तरं कपाटांतल्या वस्तू आणि त्यांच्याजवळच्या चिठ्ठ्या बघून शोधायची होती. तो शोधत असताना त्याचे फोटो काढले. कुठे तो कमरेत वाकलाय, कुठे गुडघे दुमडून खाली बसलाय. संग्रहालयात येणाऱ्या थकव्याचं खापर गिलमन यांनी कपाटांच्या रचनेवर फोडलं, आणि ते फोटोत दिसतच होतं.

लोकांना ‘कसं वाटलं?’ विचारण्यापेक्षा त्यांना वापरताना बघावं, ही युक्ती आज वेबसाइट तपासायलाही चालते. समजा, एखाद्या विद्यापीठाची वेबसाइट आहे. विद्यार्थ्याला सांगायचं, ‘गुणपत्रिका हरवलीय, दुसऱ्या प्रतीचा अर्ज शोध. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा.’ शेजारी बसणाऱ्याने मदत करायची नाही (हेच सगळ्यात अवघड!). पोरगं ‘परीक्षा’वर जातं, परत येतं, ‘डाउनलोड’ उघडतं, तिथे चाळीस परिपत्रकं तारखेनुसार लावलेली. ‘इथे नसेल बहुतेक,’ म्हणतं आणि पुढे जातं. अर्ज तिथेच असतो. चुकीचे क्लिक, लागलेला वेळ, कुठे नाद सोडला, हे सगळं टिपायचं. शेवटी मत विचारलं तर तेच पोरगं ‘चांगली आहे वेबसाइट’ म्हणून मोकळं होऊ शकतं. भिडस्तपणा, दुसरं काय.

मताला अगदीच किंमत नाही असंही नाही. एखादी प्रणाली वापरायला किती सोपी वाटते, हे मोजायला 1986 मध्ये जॉन ब्रुक यांनी दहा विधानांची प्रश्नावली केली. एक विधान कौतुकाचं, पुढचं तक्रारीचं, त्यामुळे डोळे झाकून सगळीकडे ‘सहमत’ ठोकणारा लगेच सापडतो. उत्तरांवरून 0 ते 100 गुण निघतात. ही टक्केवारी नव्हे. साधारण सरासरी 68 येते, म्हणजे 50 गुण हा चक्क वाईट निकाल. पण घोडं कुठे अडलं, ते हा आकडा सांगत नाही.

शाळांच्या सुविधांचं मोजमाप बहुधा त्याच्याही आधीच थांबतं. संगणक कक्ष आहे? आहे. पिण्याच्या पाण्याचे नळ? आहेत. ‘यूडायस’सारख्या (शाळांच्या माहितीच्या सरकारी) नोंदी हव्यातच, नाहीतर निधी कुठे द्यायचा ते कळणार कसं? मात्र पहिलीतल्या मुलाचा हात त्या नळाला पोचतो का आणि संगणक कक्षाची किल्ली कुणाच्या खिशात असते, हे मधल्या सुट्टीत तिथे उभं राहूनच कळतं.

तपासायला माणसं किती लागतात? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन आणि टॉम लँडाउअर यांच्या 1993 च्या हिशोबानुसार एक वापरकर्ता सरासरी 31 टक्के अडचणी उघड करतो. म्हणजे 69 टक्के उरतात. दुसऱ्यानंतर त्याचे 69 टक्के, म्हणजे सुमारे 48. असं करत पाचव्यानंतर जेमतेम 16 टक्के शिल्लक. म्हणून ‘पाच जण पुरेत’ असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. 31 हा सरासरीचा आकडा आहे, आणि पाचही जण संगणक विभागातले घेतले तर अडचणी सापडणार कुठून? त्या पाचांत मोबाइलवर मुलीचा प्रवेश अर्ज भरणारी आई हवी, आणि पडदा-वाचकावर ऐकून काम करणारा अंध विद्यार्थीही.