पेन्शनचा आकडा ठरतो कसा?

गोव्यात ‘दयानंद’ एवढेच म्हटले तरी घरोघरी कळते. आजीच्या पासबुकात महिन्याला जमा होणारी रक्कम, तिच्यातून आलेली औषधे, नातवाच्या हातावर ठेवलेली एखादी नोट. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाची ही दयानंद सामाजिक सुरक्षा योजना २००१ ची. ज्येष्ठ, निराधार एकल महिला आणि दिव्यांग यांच्यासाठी ती सुरू झाली, रक्कम वाढत वाढत २००० रुपयांवर गेली आणि ज्येष्ठांसाठी बरीच वर्षे तिथेच थांबली. २००० का, १५०० का नाही, ३००० का नाही? या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने देता येते, आणि तो हिशेब सरकारी अधिकाऱ्यांना शिकवण्याची एक परंपरा जगात आहे. तिची सुरुवात आपल्याला वाटते त्यापेक्षा जवळची आहे.

मार्च १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे काम सोपवले : कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखून द्या. इंग्लंडमध्ये सर्वांसाठी सामाजिक विम्याची शिफारस करणारा बेव्हरिज अहवाल जेमतेम चार महिन्यांपूर्वी आला होता. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये तयार झाला. कोणाला घ्यायचे, आजारपणात किती द्यायचे, वर्गणी कोणाकडून किती, हे सगळे त्यात होते. मग आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने स्टॅक आणि राव हे दोन तज्ज्ञ पाठवले. त्यांनी योजना तपासली आणि तिची व्याप्ती वाढवली. बाळंतपण आणि कामावरचे अपघात त्याच छत्राखाली आणले. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्यातून आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत प्रत्यक्ष काम सुरू झाले. आधी आखणी, मग बाहेरच्या नजरेने तपासणी, मग कायदा. आजच्या प्रशिक्षणात जो क्रम शिकवतात, तो इथे होऊन गेला आहे.

त्याच १९५२ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सामाजिक सुरक्षेच्या किमान मानकांचा १०२ क्रमांकाचा करार केला. १९६४ मध्ये संघटनेने इटलीत तुरीन इथे प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. पो नदीकाठच्या ज्या दालनांत ते उभे राहिले, ती १९६१ च्या प्रदर्शनासाठी बांधलेली होती. गोवा मुक्त झाला ते हेच वर्ष. देशोदेशीचे अधिकारी तिथे शिकायला जाऊ लागले. पण बराच काळ शिकवले जायचे ते मुख्यतः विम्याचे शास्त्र : पगारातून वर्गणी कापायची, निधी साठवायचा, त्यातून लाभ द्यायचा. ज्यांना पगारपत्रकच नाही त्यांचे काय? मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारी बाई, कुळागरातला मजूर, काजू फोडणारी कामगार यांच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. या चौकटीची सगळ्यात मोठी उणीव मला हीच वाटते.

ती भरून काढायचा एक प्रयत्न शेजारी महाराष्ट्रात झाला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला कायद्याचे रूप मिळाले १९७७ मध्ये, पण त्याआधी १९७५ मध्येच पगारदार आणि व्यावसायिकांवर कर बसवून पैशाची सोय केली गेली. हमी देण्याआधी पैसा कुठून येणार हे ठरले होते. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला, तेव्हा वृद्धांसाठी केंद्राचा वाटा महिना ७५ रुपये होता. पुढे तो २०० झाला, आणि ८० च्या आतल्या वृद्धांसाठी पुढे कित्येक वर्षे २०० च राहिला. महागाईबरोबर रक्कम वाढेल अशी तरतूद मूळ आखणीतच नव्हती.

जगात वारे बदलले ते २००८ च्या आर्थिक संकटानंतर. जून २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२ क्रमांकाची शिफारस मंजूर केली. तिने चार हमी सांगितल्या : सर्वांना आवश्यक आरोग्यसेवा; आणि मुलांना, कमावत्या वयात कमाई बुडालेल्यांना आणि वृद्धांना किमान उत्पन्न. याच सुमारास थायलंड, इंडोनेशिया, कंबोडिया या देशांत अधिकारी, कामगार संघटना आणि मालक यांना एका टेबलाशी बसवून काम सुरू झाले. आधी एक तक्ता भरायचा : चारही हमींपुढे आज कोणती योजना आहे, कायदा काय म्हणतो, प्रत्यक्षात कोणाला मिळते, कोण सुटले. मग ती भोके बुजवायचे पर्याय लिहायचे आणि प्रत्येक पर्यायाचा खर्च एक्सेलमध्ये पुढच्या काही वर्षांसाठी मांडायचा. वयानुसार लोकसंख्या, महागाई, वेतन, सरकारचे उत्पन्न आणि कारभाराचा खर्च, सगळे त्यात. शेवटी ते आकडे अर्थखात्यापुढे ठेवायचे.

हे गोव्याला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि साठीपुढचे सुमारे ११.२ टक्के, म्हणजे साधारण १,६३,०००. प्रत्येकाला महिना २००० द्यायचे ठरवले तर वर्षाला सुमारे ३९१ कोटी. इथपर्यंत कोणीही पोचेल. अवघड प्रश्न पुढे आहेत. गोव्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १.३ होता; म्हणजे वृद्धांचा वाटा वाढतच जाणार. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर १४ वर्षांत २००० रुपयांत जेमतेम १००० चे सामान येते. रक्कम तशीच ठेवली तर अर्थसंकल्पात बचत दिसते, पण ती आजीच्या पिशवीतून काढलेली असते.

आणि निकष. योजनेसाठी १५ वर्षांचा रहिवास लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या पिशवीत कागद घट्ट धरून बसलेली म्हातारी माणसे मी अनेकदा पाहिली आहेत. एक कागद कमी पडला की दुसरी खेप, दुसऱ्या दिवसाची बस, सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली रोजंदारी. चांगल्या आखणीत हाही खर्च मोजतात आणि दाखल्यापायी किती खरे गरजू बाहेर राहिले तेही मोजतात.

जुन्या गोव्याजवळ एला इथे राज्याची सार्वजनिक प्रशासन आणि ग्रामविकास संस्था, म्हणजे गिपार्ड, आहे. दयानंद, गृहिणींसाठीची गृह आधार, मुलींसाठीची लाडली लक्ष्मी, आरोग्य विम्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या योजना एकाच तक्त्यात शेजारीशेजारी मांडून एका कुटुंबाला काय मिळते आणि काय सुटते हे पाहायचा वर्ग तिथे भरावा, असे मला मनापासून वाटते. त्या बाकांवर समाजकल्याण आणि अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांच्या शेजारी पंचायत सचिव आणि तलाठीही हवेत. दाखला अडतो कुठे, हे त्यांनाच ठाऊक असते.