बर्फाआधीचा पेंग्विन

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन मुंबईला राणीच्या बागेत गेलो होतो. पुण्याहून पहाटेची गाडी, भायखळ्याला तिकिटाची रांग, आणि शेवटी पेंग्विनच्या काचेला नाक टेकवून तिचा पहिला प्रश्न: "मामा, बर्फ कुठाय?" बर्फ नव्हताच. आत खडक होते, पाणी होतं आणि साधारण १६ ते १८ अंशांचा गारवा. डिसेंबरात पुण्याची पहाट याहून थंड असते.

तिचं काही चुकलं नाही. कार्टूनपासून आइस्क्रीमच्या गाडीपर्यंत पेंग्विन बर्फावरच उभा दिसतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. पेंग्विन आधी आला, अंटार्क्टिकावरची बर्फाची चादर त्याच्या कितीतरी नंतर.

किती नंतर, हे कळायला पुणेकराला लांब जायला नको. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात शिरावं आणि भिंतीवर तळवा टेकवावा. लेणं आठव्या शतकातलं, म्हणजे त्या दगडाच्या मानाने काल रात्रीचं. दगड दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. वेताळ टेकडी, पर्वती, सिंहगड, सगळी त्याच घरातली मंडळी. त्याच सुमारास डायनासोर संपले आणि त्यांच्यासोबत समुद्रातले अजस्र सरपटणारे शिकारीही. समुद्रात मासे शिल्लक होते, त्यांच्यावर ताव मारणारे गेले होते. ही मोकळी पंगत ज्यांनी गाठली त्यांत पेंग्विनचे पूर्वज होते.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर वायपारा नदीच्या काठी सापडलेली 'वायमानू'ची हाडं सुमारे ६.१ कोटी वर्षांपूर्वीची आहेत. माओरी भाषेत वायमानू म्हणजे पाणपक्षी. पाताळेश्वराचा कातळ थिजल्याला जेमतेम पन्नास लाख वर्षं होतात न होतात, तोवर या पक्ष्याने उडणं सोडलंही होतं. पुढे तर अंगापिंडाचा कहरच झाला. २०२३ साली वर्णन झालेला 'कुमिमानू फोर्डायसी' सुमारे १५० किलोचा असावा असा अंदाज आहे. सिमेंटची तीन पोती! आजचा सगळ्यात थोराड एम्परर पेंग्विन चाळिशीच्या आसपास थांबतो. अंटार्क्टिकावर बर्फाची मोठी चादर पसरली ती साधारण ३.४ कोटी वर्षांपूर्वी. तोवर पेंग्विनांच्या अडीच कोटींहून जास्त वर्षांच्या पिढ्या उबदार जगात पोहून गेलेल्या होत्या.

'उडणं सोडलं' हे तरी कितपत खरं? पेंग्विनचे जवळचे नातेवाईक म्हणजे अल्बट्रॉस आणि पेट्रेल, आकाशातले पट्टीचे भटके. पेंग्विनने पंख टाकले नाहीत, माध्यम बदललं. पाण्यात तो पंख मारूनच पुढे सरकतो, पाय फक्त सुकाणूपुरते. हाडं पोकळ न राहता भरीव झाली, म्हणजे बुडी मारणं सोपं. पंखातली हाडं चपटी आणि कोपर जवळजवळ ताठ, त्यामुळे अख्खा पंख एका वल्ह्यासारखा चालतो.

हे सगळं जीवाश्मांनी सांगितलं. त्याआधी माणसांनी वेगळी वाट धरून पाहिली होती. १९११च्या जून महिन्यात, अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात, ब्रिटिश नौदल अधिकारी स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड एम्पररची अंडी आणायला केप क्रोझियरकडे निघाले. चोवीस तास अंधार, पारा उणे ६० अंशांच्या खाली, आणि वादळाने तंबूच उडवून नेला. (तो पुढे सापडला, म्हणून तिघे वाचले.) त्या काळी समज असा की गर्भ वाढताना पूर्वजांच्या पायऱ्या पुन्हा चढतो, तेव्हा एम्पररच्या गर्भात खवल्यांचं पीस होताना दिसेल आणि सरपटणाऱ्यांचं पक्ष्यांशी नातं उलगडेल. पाच अंडी मिळाली, दोन वाटेत फुटली, तीन लंडनच्या संग्रहालयात पोचली. विल्सन आणि बॉवर्स त्याआधीच, १९१२ साली, दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटसोबत मेले. अंड्यांतून अपेक्षित असं काहीच निघालं नाही, आणि तो सिद्धांतही बाद झाला. विज्ञानाच्या इतिहासात इतकी महाग पडलेली तीन अंडी दुसरी नसतील असं मला वाटतं.

नावाचीही गंमत आहे. 'पेंग्विन' हे आधी उत्तर अटलांटिकमधल्या ग्रेट ऑक या न उडणाऱ्या पक्ष्याचं नाव. दक्षिणेत गेलेल्या खलाशांना तसाच दिसणारा पक्षी भेटला आणि त्यालाही तेच चिकटलं. दोघांचं नातं लांबचं. मूळ मालकाची शेवटची माहीत असलेली जोडी १८४४ साली आइसलँडजवळच्या एल्डे बेटावर मारली गेली. नाव दत्तकाकडे राहिलं.

भायखळ्याचे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले. त्यांचं मूळ गाव पेरू आणि चिलीचा किनारा. समोर गार प्रवाहाचं पाणी, पाठीशी पाऊस जवळपास न बघणारं वाळवंट. पाऊस नाही म्हणून समुद्रपक्ष्यांची शीट वाहून जात नाही, तिचे थरावर थर साचतात, त्याला ग्वानो म्हणतात. हम्बोल्ट त्यातच बिळं खणून अंडी घालतो. एकोणिसाव्या शतकात हाच ग्वानो खत म्हणून जहाजं भरभरून युरोपात गेला, बेटं खडकापर्यंत खरवडली गेली, आणि पेंग्विन उघड्यावर आले.

परतीच्या गाडीत भाचीला म्हटलं, अगं, यांच्या गावाला बर्फ पडतच नाही.

"मग काय पडतं?"

"शीट."

खंडाळ्याचा घाट चढून होईपर्यंत ती हसत होती.