डॅट स्कॅन आणि फ्लुरोसंट प्रोब: दोन्ही चित्रं चमकतात, पण वेगळ्या कारणांनी

पार्किन्सन्सच्या रुग्णांचे नातेवाईक कधीकधी मोबाइलवर दोन चित्रं दाखवतात. एक डॉक्टरांनी करून घेतलेल्या डॅट स्कॅनचं, दुसरं बातमीतलं, फ्लुरोसंट प्रोबने, म्हणजे पेशीतलं एखादं काम प्रकाशाने दाखवणाऱ्या रेणूने, उजळलेल्या पेशींचं. दोन्हींत काळ्यावर रंगीत झळाळी. मग विचारतात, "ही दुसरी तपासणी बाबांची कुठे करून मिळेल?" आज ती कुठेच मिळत नाही. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

डॅट स्कॅनमध्ये शिरेतून किरणोत्सारी औषध देतात: आयोडीन-१२३ जोडलेलं आयोफ्लुपेन, किंवा भारतात वापरात असलेलं टेक्नेशियमचं ट्रोडॅट. मज्जातंतूंच्या टोकांवर सोडलेलं डोपामाइन (मेंदूतलं निरोप नेणारं रसायन) परत आत ओढणारं एक प्रथिन असतं, डोपामाइन ट्रान्सपोर्टर. त्याला हे औषध चिकटतं. निरोगी माणसाच्या चित्रात दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिसतो. पार्किन्सन्समध्ये ही टोकं मरत जातात, म्हणून त्याची शेपटी आधी विझते आणि पूर्णविराम उरतो. रंग मात्र संगणकाने भरलेले असतात. औषध चिकटलेलं असो वा नसो, गॅमा किरण निघतच राहतात. म्हणूनच आयोफ्लुपेन दिल्यावर तीन ते सहा तास थांबतात: न चिकटलेलं औषध मेंदूतून निघून जायला हवं.

प्रोबचं वेगळं. तो आधी अंधारातच असतो. २०१४ साली सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी मांडलेला 'यू१' घ्या. मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी हे एन्झाइम त्याचा अमाइनचा भाग ऑक्सिडाइज करतं, झाकणासारखा बसलेला तुकडा गळतो, आणि लेसर पडला की उरलेला रेणू उजळतो. रासायनिक बदल घडला तरच प्रकाश! मला यातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. हे एन्झाइम डोपामाइन मोडतं आणि त्यात पेशीला जाचक असं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पार्किन्सन्सवरची रासाजिलिनची गोळी या एन्झाइमलाच रोखते. उंदरांत पार्किन्सन्ससारखी अवस्था आणायला वापरतात ते एमपीटीपी रसायनही याच एन्झाइममुळे विषारी बनतं.

म्हणजे स्कॅन सांगतो, टोकं किती उरली. ती का गेली, हे तो सांगत नाही. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफी या पार्किन्सन्ससारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आजारातही तो बिघडलेला दिसतो. नुसत्या इसेन्शियल ट्रेमरपासून (हात थरथरण्याचा वेगळा विकार) पार्किन्सन्स वेगळा काढायला मात्र तो फार उपयोगी. प्रोब सांगतो, या पेशीत आत्ता एन्झाइम किती जोरात चाललंय.

मग प्रोब माणसाला का देत नाहीत? अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटांमागे धरा. बोटं लालबुंद दिसतात, पण हाडाची कड दिसत नाही, कारण प्रकाश आत विखुरतो. यू१ साठी वापरतात त्या टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकालाही मेंदूत साधारण एक मिलिमीटरच्या आसपासच नीट दिसतं, आणि पार्किन्सन्समध्ये मरणाऱ्या पेशी असतात पार खोल, मध्यमेंदूत. गॅमा किरण कवटीतून आरपार येतात. हा प्रकाश येत नाही. शिवाय नवा रेणू माणसाच्या शरीरात सोडण्याआधी सुरक्षिततेच्या लांबलचक चाचण्या लागतात, त्या वेगळ्याच.

तरी एक वाट मोकळी आहे. त्याच अभ्यासात रुग्णांच्या रक्तातल्या बी-लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींमध्ये एन्झाइमचं काम वाढलेलं आढळलं, फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतींतल्या) पेशींमध्ये नाही. असा प्रोब कधी दवाखान्यात आलाच, तर तो बहुधा रक्ताच्या नमुन्यावर वापरला जाईल; बाबांच्या डोक्यात काही सोडावं लागणार नाही.