कोळंबीच्या ट्रेडमिलला ३० लाख डॉलर? छे, फक्त ४७ डॉलर!

“कोळंबीला ट्रेडमिलवर पळवायला अमेरिकी सरकारने ३० लाख डॉलर उधळले” ही आवई वर्षानुवर्षं फिरतेय. ती साफ चुकीची आहे. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड स्कोल्निक यांनी ती ट्रेडमिल भंगारातून जुळवली: ट्रकच्या जुन्या ट्यूबचा पट्टा, स्केटबोर्डची बेअरिंगं, जुन्या पंपाची मोटर. खर्च ४७ डॉलर, तोही स्वतःच्या खिशातून! सरकारी अनुदान होतं ते वेगळ्याच कामासाठी. जंतुसंसर्ग झाला, पाण्यातला ऑक्सिजन घटला की समुद्री जिवांचं काय होतं, हे शोधायचं होतं. आजारी कोळंबी शत्रूपासून पळू शकेल का, हे तिला पळवल्याशिवाय कळणार कसं? आणि संसर्ग झालेली कोळंबी माणसाच्या ताटातही येऊ शकते.